भुईचाफ्याची वाटणी

बदलीच्या नोकरीत मुलांकडून बाग करवावी काय, हा प्रश्न आम्हां दिल्लीतील कारकुनांना नवा नाही. वसाहतीच्या सामाईक बागेत, कडुनिंबाच्या सावलीत, भुईचाफा चांगला रुजतो. हिवाळ्यात त्याची पाने वाळून जागा ओसाड दिसते. मुले शंकेने माती उकरून पाहतात. उन्हाळ्यात मात्र पानांच्याही आधी, थेट मातीतून, पांढरे-जांभळे फूल वर येते. आणि बदल्यांचे हुकूमही बहुधा त्याच सुमारास! अशा वेळी आठ वर्षांच्या मुलाला निष्काम कर्माचा पाठ देणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. फुलावर आलेला कंद उपटणेही गैरच. म्हणून कंद झोपेत असतानाच आम्ही वाटणी करवितो : निम्मे बागेत, निम्मे लावणाऱ्याच्या कुंडीत. कुंडी सामानाबरोबर जाते.