मोजणे आणि आवरणे

साधनेत मोजदाद असावी की नसावी, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. एका बाजूला 108 मण्यांची माळ, तेरा कोटी जपाचे संकल्प, पुरश्चरणांचे हिशेब. दुसऱ्या बाजूला, बोटे मण्यांवर आणि मन गावभर अशी भक्ती काय कामाची, असे बजावणारे संत. बोटात घालायचे आणि बटण दाबले की आकडा पुढे सरकवणारे छोटे जपयंत्र आल्यापासून या वादाला नवी धार चढली आहे. मात्र वाद घालणारे दोघेही एक गोष्ट धरूनच चालतात, की मोजायचे ते वाढवण्यासाठी. समर्थक म्हणतात, आकड्यामुळे नेम टिकतो आणि जप वाढतो. विरोधक म्हणतात, जप वाढतो तसा त्याचा अहंकारही वाढतो. हे गृहीतच मला तपासून पाहायचे आहे. त्यासाठी देवघराबाहेरचे एक यंत्र उपयोगी पडेल: शर्यतीच्या होडीतला स्ट्रोक रेट मॉनिटर.

दत्तू भोकनळ यांचे नाव मराठी वाचकाला परके नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या, विहिरी खोदणाऱ्या कुटुंबातल्या या जवानाने लष्करात गेल्यावर वल्हे हाती धरले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा क्रमांक मिळवला. सिंगल स्कल्स म्हणजे एक होडी, एक माणूस, दोन वल्ही. ताल धरून देणारा कॉक्स नाही, बघून वल्हवावे असा साथीदार नाही, आणि तोंड मागे असल्याने शर्यतीची शेवटची रेषाही दिसत नाही. 2000 मीटरला सुमारे सात मिनिटे लागतात. मिनिटाला 34 स्ट्रोक धरले तर एकूण 240 च्या आसपास. अशा होडीत पायांपाशी, नजरेसमोर एक लहानशी डबी बसवलेली असते. सरकत्या सीटखाली चुंबक आणि त्याच्या वाटेत होडीच्या तळाशी सेन्सर. चुंबक वरून गेला की नोंद होते. काही यंत्रे चुंबकाऐवजी होडीला बसणाऱ्या हिसक्यावरून स्ट्रोक ओळखतात. आकडा ‘मिनिटाला किती’ असा दिसतो, पण त्यासाठी यंत्र मिनिटभर थांबत नाही. दोन स्ट्रोकमध्ये किती वेळ गेला ते पाहून ते 60 ला त्याने भागते. दोन सेकंद गेले तर 30, तीन गेले तर 20. म्हणजे प्रत्यक्षात मोजला जातो तो मधला काळ.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्या मधल्या काळातच वल्हवणाऱ्याची परीक्षा असते. स्ट्रोकचे दोन भाग पडतात. वल्हे पाण्यात असताना पायांनी रेटून होडी पुढे काढायची, आणि मग वल्हे पाण्याबाहेर ठेवून, सीटवरून सरकत पुढच्या स्ट्रोकसाठी परत जागेवर यायचे. मिनिटाला 20 च्या संथ सरावात ओढीला साधारण एक सेकंद जातो आणि परतीला दोन. रेट चढतो तो मुख्यतः परतीचा वेळ आटल्यामुळे. नवशिका नेमकी तिथेच घाई करतो. त्याच्या अंगाचे वजन होडीच्या शेपटाकडे धावत येते आणि छान निघालेल्या होडीला खीळ बसते. आपण जीव तोडून मेहनत करत आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. प्रशिक्षकाने 20 सांगितलेले असतात आणि डबीवर 26 दिसत असतात. त्या क्षणी आकडा त्याला ‘आणखी’ म्हणत नाही, ‘सबूर’ म्हणतो. सरावाचे बरेचसे तास 18 ते 22 च्या दरम्यान काढायचे असतात, आणि त्या सगळ्या वेळात मॉनिटरचे काम विसावा राखण्याचे असते. प्राणायामात पूरक, कुंभक आणि रेचक यांचे 1:4:2 हे प्रमाण सांगितले आहे. तिथेही मात्रा मोजायच्या त्या श्वासाची घाई होऊ नये म्हणून. जपमाळेत मेरुमणी ओलांडायचा नसतो. तिथे थांबून माळ उलटी फिरवायची असते. मोजणाऱ्या साधनातच आपल्या पूर्वजांनी थांबण्याची जागा करून ठेवली, हा मला योगायोग वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे झाले शिस्तीच्या माणसाचे. बाकीच्यांच्या हातात आकडा आला की तोच ध्येय होऊन बसतो. हा आक्षेप खरा आहे. आखूड, अर्धेमुर्धे स्ट्रोक मारूनही मॉनिटरवर 36 आणता येतात. पण होडी फसत नाही. 240 स्ट्रोकांत 2000 मीटर जायचे तर एका स्ट्रोकमागे आठ मीटरांहून थोडे जास्त अंतर कापले गेले पाहिजे. रेट चढला आणि हे अंतर घसरले, की वाढलेल्या आकड्याची किंमत कळते. म्हणून जाणता प्रशिक्षक एकट्या रेटवर कधीच भरवसा ठेवत नाही. संतांच्या टीकेचा रोखही मला असाच दिसतो. माळ ओढणाऱ्याला ते विचारतात, राग किती निवळला, शेजाऱ्याशी वागणे किती सुधारले? ही दुसरी मोजणीच आहे, आणि पहिलीची सत्यता तिच्यावरून ठरते. दोन्ही मापे शेजारी ठेवली की आकड्याचा गर्व फार काळ तग धरत नाही.

आकडा आवरणारा हवा तर तो खराही हवा, आणि खरेपणा आपोआप टिकत नाही. चुंबक जागचा सरकला आणि एक स्ट्रोक नोंदायचा राहिला, तर मधला काळ दुप्पट धरला जातो आणि 30 च्या जागी 15 दिसतात. खाडीच्या पाण्यातून आल्यावर डबी गोड्या पाण्याने धुतली नाही तर तारांच्या जोडांवर हिरवट थर चढतो. झाकणाच्या रबरी कड्यात वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत शिरायला वाट मिळते. हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवायचे. अधूनमधून घड्याळ लावून दहा स्ट्रोकांना किती सेकंद लागतात ते पाहायचे, वीस लागले तर डबीनेही 30 च दाखवले पाहिजेत. बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी तोलणाऱ्या काट्यालाही ठरल्या मुदतीने पडताळणीचा शिक्का लागतोच. काट्यावरचा विश्वास पडताळणीतून येतो, सवयीतून नाही. मापाची निगा राखणे हा मोजण्याच्या नीतीचाच भाग आहे. वर्षानुवर्षे माळ ओढणाऱ्याने आपली माळ अजून आपल्याला थांबवते का, हे तपासणे याच जातीचे काम आहे.

सर्वांत अवघड आक्षेप बडोद्याच्याच इतिहासातून येतो. श्रीअरविंद 1893 ते 1906 बडोद्यात होते. तिथे देवधर नावाच्या अभियंत्याकडून प्राणायामाची पद्धत समजून घेऊन त्यांनी तो रोज कित्येक तास केला; काही फळे मिळाली, पण पुढे प्रगती खुंटली. 1907 अखेरच्या सुरत काँग्रेसनंतर ते बडोद्याला आले, तेव्हा विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी त्यांची भेट झाली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात ते दोघे एकांतात बसले. विचार बाहेरून येताना दिसतात, ते आत शिरण्याआधी परतवून लाव, एवढेच लेल्यांचे सांगणे. तीन दिवसांत मन निःशब्द झाले. ना माळ, ना मात्रा. मग मोजण्याची गरजच काय? मोजण्यामुळे ते मौन लाभले, असे मी म्हणणार नाही. पण लेल्यांनी मागितले काय, ते पाहावे: दोन विचारांमधल्या जागेवर पहारा, आणि घाईने काही आत न घेणे. हे ज्याला थेट साधते त्याला मोजणी अनावश्यक आहे. बाकीच्यांनी पहारा शिकायचा कुठे? जाणते प्रशिक्षकही मॉनिटर झाकून वल्हवायला लावतात, ताल अंगात भिनला का ते पाहण्यासाठी. मोजणी शेवटी खाली ठेवायचीच असते. सुरुवातीलाच ती टाकून दिली तर मात्र आपण संथ आहोत की केवळ तशी समजूत आहे, हे सांगायला कुणी उरत नाही.

आणि ही चर्चा केवळ साधकापुरती नाही. बडोद्यातल्याच हरणी तलावात 18 जानेवारी 2024 रोजी सहलीला आलेल्या शाळेची होडी उलटली आणि 12 मुले व 2 शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेहून जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. होडीची क्षमता हा तर शुद्ध ‘पुरे’ म्हणणारा आकडा, आणि तो पाळणे हा धर्मच आहे. आपल्या काळात वाढवणारे आकडे मान मिळवतात आणि आवरणारे आकडे कागदावर पडून राहतात. मोजदाद भ्रष्ट होते ती इथे. म्हणून जपयंत्र घ्यावे की माळ, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. हातातला आकडा आपल्याला कुठे थांबवतो का, हे आधी विचारावे. थांबवत असेल तर त्याची निगा राखावी, त्याचे ऐकावे. थांबवत नसेल, तर तो कितीही मोठा झाला तरी त्याला साधना म्हणू नये.