झळाळीखालचे ओरखडे

अमेरिकेत जुन्या मोटारींची प्रदर्शने भरतात. तिथे १९४७ ते १९५५ या काळातील शेवरले ट्रक हौसेने मांडलेले असतात. आरशासारखा रंग, मागच्या हौद्यात चकचकीत लाकडी फळ्या. गंजलेला पत्रा कापून नवा बसवायचा, दुर्मीळ भाग शोधत फिरायचे, ही मेहनत सोपी नाही. तिला दाद द्यायलाच हवी.

पण आपण नेमके कौतुक कशाचे करतो? शेतावरच्या ट्रकच्या फळ्यांवर पोती आदळलेली असतात, खताचे डाग पडलेले असतात. दुरुस्तीत ते सारे पुसले जाते. ट्रक कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखा दिसू लागतो. मधल्या वर्षांचे कष्ट मात्र गळून पडतात.

शेतीच्या ट्रकांनी माणसेही वाहिली. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोतून मजूर अमेरिकेच्या शेतांवर आणले गेले. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील चुआलारजवळ, बाके टाकून बससारख्या वापरलेल्या एका ट्रकला मालगाडीने धडक दिली. ३२ मजूर मेले. कोणत्याही झळाळीत त्यांची आठवण मावत नाही.

म्हणून काय जुने ट्रक गंजू द्यावेत? मुळीच नाही. इंजिन चालू करावे, गंज थांबवावा. काही मालक मूळ विटका रंग मुद्दाम तसाच ठेवतात. त्यांचे मला पटते. शेजारच्या पाटीवर अश्वशक्ती लिहितो, तिथेच या ट्रकात कोणता माल गेला आणि तो कोणी भरला, हेही लिहावे. वाचणारा क्षणभर त्या फळ्यांकडे पुन्हा पाहील.