परवडणारी वाट

साडेसात हजार रुपये, दोन माणसं, दोन सायकली, तीन दिवस. दिवाळीच्या सुट्टीतल्या आमच्या सहलीचं हे बजेट. माणसं म्हणजे मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी. नवऱ्याची दिवाळीतही शिफ्ट असते, आणि तसंही सायकली दोनच आहेत.

मुलीला खरं तर हिमाचलला जायचं होतं. तिथे डोंगरातल्या सायकलिंगचे कँप असतात, ते ती फोनवर बघत असते. चिखल उडवत उतरणारी पोरं, छातीवर कॅमेरा, मागे देवदार. त्या कँपची फी आणि प्रवास धरला तर आमची दोन वर्षांची सुट्टी एका आठवड्यात संपेल. मी पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे ‘बघू’ असं न म्हणता मी तिला सरळ आकडे दाखवले. तिने ते शांतपणे वाचले आणि विचारलं, ‘मग आपल्याला काय परवडतं?’

आम्ही सोमाटण्यात राहतो. गच्चीवर गेलं की पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी पश्चिमेला डोंगरांची ओळ दिसते. लोकांना मावळात यायला गाडी, पेट्रोल, टोल लागतो. आम्हाला जिना उतरावा लागतो. म्हणून ठरलं ते असं: घरातून निघायचं, परंदवडी, बेबडओहोळ करत आतल्या रस्त्याने पवनानगर, तिथून तिकोना पेठ, पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी धरणाच्या कडेने दुधिवरे खिंड चढून लोहगडवाडी. तिसऱ्या दिवशी घाट उतरून भाजे, मळवली. वाटेत जिथे मातीचा रस्ता मिळेल तिथे डांबर सोडायचं.

तिची सायकल सेकंडहँड, एकवीस गिअरची. माझी भाच्याकडून उसनी. पुढच्या चाकाला सस्पेन्शन आहे असं भाचा म्हणतो. मला तरी ते जाणवलेलं नाही. सुरुवातीला मुलगी या सायकलींबद्दल जरा संकोचून बोलायची. मग तिनेच कुठेतरी वाचलं की माउंटन बायकिंग हा प्रकारच मुळात भंगारातून सुरू झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही जण जुन्या, जड, मागे पेडल मारून थांबणाऱ्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायचे. उतारावर ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. ‘परत भरणे’ यावरूनच १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नाव पडलं, ‘रिपॅक’. हे कळल्यापासून आमच्या सायकलींची इज्जत घरात वाढली आहे. तशीही थोड्या पैशांची लाज तळेगावच्या आसपास राहणाऱ्याने वाटून घेऊ नये. माणशी एक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी जो पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला तो इथेच, तळेगावात.

तर बजेट. दोन हेल्मेट १,८००. ब्रेकचे पॅड, वायरी, जास्तीच्या ट्यूब ७००. दोन रात्रींचा मुक्काम जेवणासकट, माणशी आठशेप्रमाणे, ३,२००. वाटेतला चहा, वडापाव, केळी ६००. आणि टेम्पो १,२००, त्यावर पुढे बोलते. बेरीज बरोबर आली. पण माझ्या धंद्यातली एक सवय आहे, बेरीज फारच सहज जुळली की मी विचारते, यात काय लिहिलेलं नाही?

लिहिलेलं नव्हतं ते सगळं फुकट होतं म्हणून. वाट, सावली, कोणाच्या तरी ओट्यावर अर्धा तास टेकणं, हंड्यातलं पाणी, धरणाचा देखावा. सहल स्वस्त होत होती ती या न लिहिलेल्या गोष्टींमुळे. आणि मला प्रश्न पडला की ती आपल्याला स्वस्त पडते म्हणजे उरलेली किंमत शून्य असते, की ती दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत लिहिलेली असते?

वाटेचंच घ्या. मुलीचं म्हणणं सरळ होतं: पायवाट सगळ्यांची. मी तिला म्हटलं, अगं, आपल्याकडे ‘वहिवाट’ असा शब्द आहे. वर्षानुवर्षं वापर झाला म्हणून आलेला हक्क. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला रस्ता नसेल तर महसूल कायद्याच्या कलम १४३ नुसार तहसीलदार त्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतो. पण ती कशासाठी? तर त्याला औत न्यायचंय, पीक आणायचंय, त्याचं अडलंय. आपलं काय अडलंय? आपल्याला मजा येते, एवढंच. गरजेतून हक्क निघतो हे समजतं. मजेतून निघतो का?

‘मग ट्रेकवाले?’ तिने विचारलं. चांगला प्रश्न होता. पण पाय आणि चाक यांत फरक आहे. भातखाचराचा बांध हा रस्ता नसतो, तो पाणी अडवणारी भिंत असते. माणूस चालला तर बांध दाबला जातो. ओल्या बांधावरून नक्षीदार टायर गेलं तर चर पडते आणि पाणी त्याच चरीतून पळतं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं इंद्रायणीचं वाण आपण घरोघरी शिजवतो. ते ज्या खाचरात उभं असतं त्याची कड आपल्याला फोटोत छान दिसते, एवढ्यावरून ती आपली होत नाही. तिकडे कॅलिफोर्नियातही हेच झालं. सायकलवाले वाढले, चालणाऱ्यांशी भांडणं झाली आणि जिथे हा खेळ जन्मला तिथल्याच बऱ्याच पायवाटा सायकलींना बंद झाल्या.

यावर आमचा तोडगा तात्त्विक वगैरे नाही. विचारायचं. ‘काका, इथून जाऊ का?’ शेतात माणूस नसेल तर डांबरावरून जायचं. मुलीला हे फार बावळटपणाचं वाटलं, कारण सायकलवर सुसाट जाताना थांबून परवानगी मागणारा माणूस तिने एकाही व्हिडिओत पाहिलेला नाही. पण मला वाटतं, विचारण्यात नुसता शिष्टाचार नाही. विचारलं की समोरच्याला ‘नको’ म्हणायची जागा मिळते. गुपचूप निघून जाणारा ती जागा हिसकावून घेतो, मग त्याने नुकसान केलं असो वा नसो.

घासाघीसीवरून मात्र आमचं खरं वाजलं. तिकोना पेठेत एका घरी राहायची सोय होते असं कळलं, मी फोन केला. ताईंनी माणशी आठशे सांगितले, दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-पोहे. मी बरं म्हटलं. फोन ठेवताच मुलगी म्हणाली, ‘आई, तू भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी भांडतेस. इथे माणशी दोनशे कमी करायला सांगितले असतेस तर चारशे वाचले असते.’ हिशेब बरोबर होता. तेवढ्यात माझ्या चाकाला नवं टायर आलं असतं.

मी घासाघीस करते, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. बाजारात दोघांनाही खेळ माहीत असतो, भाजीवाला आधीच पाच रुपये वर सांगतो. पण इथे त्या बाई चुलीपुढे बसणार, पाणी भरणार, अंथरूण घालणार, आणि आपण तिथे जाणार ते परवडणारी सुट्टी म्हणून. काटकसर हा गुण आहे असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला वाटतं तो गुण तेव्हाच, जेव्हा कापलेला घास आपल्या ताटातला असतो. नवं टायर न घेणं ही माझी काटकसर. ताईंचे चारशे कमी करणं ही माझी काटकसर त्यांनी करणं आहे. अर्थात हे मी म्हणू शकते, कारण मला चारशे सोडता येतात. ज्याच्याकडे साडेसात हजारही नाहीत त्याने घासाघीस केली तर त्याला उपदेश करायला मी जाणार नाही. मुलीचं समाधान झालेलं नाही. ती म्हणते हा नियम सोयीचा आहे. असेलही.

धरणाबद्दल तिला काही सांगावं की नाही, यावर मी थोडी घुटमळले. सहलीत इतिहासाचा तास नको म्हणून. पण त्या पाण्याच्या कडेने तासभर जायचं आणि ते नुसतं निळं दिसतं म्हणून फोटो काढायचे, हे मला जमणार नव्हतं. पवना धरणात गावं गेली. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षं झाली तरी पुरता सुटलेला नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर बाहेर येतं, पाऊस झाला की परत बुडतं. हे पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ते बंद जलवाहिनीतून न्यायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, आणि ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ आंदोलन झालं तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. शहरातल्या माणसाला नळाचं पाणी स्वस्त वाटतं, कारण त्याच्या बिलात हा दिवस छापलेला नसतो.

तिने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे आपण जाऊ नये का?’ मला तसं म्हणायचं नव्हतं. न जाण्याने कोणाचं काही परत येत नाही. पण ‘परवडतं’ हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो हे लक्षात घेण्यासारखं आहे. खिशाबद्दल वापरतो आणि वागण्याबद्दलही: ‘असं वागणं आपल्याला परवडणार नाही.’ मराठीत दोन्हींना एकच क्रियापद पुरलेलं आहे.

आता टेम्पो. मळवलीहून सोमाटण्याला सायकलवर यायचं तर जुन्या हायवेचा मोठा तुकडा टाळता येत नाही. मी मळवलीतून टेम्पो सांगणार म्हटल्यावर मुलीचा अपमान झाला. ‘लोहगडचा घाट उतरू देतेस आणि सपाट रस्ता नको?’ बाकीच्या आयाही मला उलटंच विचारतात: घाटात एकटीला पुढे सोडणार?

सोडणार. पंधरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला किती धोका यावा हे ठरवायचा अधिकार आईला कितपत, यावर मी बरेच दिवस विचार केला. धोका कमी की जास्त यापेक्षा तो वाचता येतो का, हे मला महत्त्वाचं वाटायला लागलं. उतारावर सुटा मुरूम दिसतो. वळण दिसतं. ब्रेक किती धरायचा, मागचा आधी की पुढचा, हे शिकता येतं, आणि जो शिकतो त्याच्यासाठी तोच उतार कमी धोक्याचा होतो. डोंगर कौशल्याला उत्तर देतो. हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला झोप लागली असेल तर माझ्या मुलीच्या कौशल्याने काहीच बदलत नाही. १५ जून २०२५ ला आमच्या जवळच कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चार माणसं गेली. पुलावर उभ्या असलेल्यांना तो किती गंजलाय हे कळायला काही मार्ग नव्हता. दुसऱ्यांच्या निष्काळजीपणातून आलेल्या अशा धोक्याला साहस म्हणायला मी तयार नाही. हेल्मेट आणि ब्रेकवर पैसे घालायचे, उतार तिचा तिने उतरायचा, आणि हायवे टेम्पोने पार करायचा.

यातली विसंगती तिने लगेच पकडली. ती रोज संध्याकाळी क्लासला जाते ती याच हायवेच्या कडेने, सायकलवरच. टोलनाक्याच्या गर्दीतून, गाड्या अंगावर घेत. त्याला घरात कोणी साहस म्हणत नाही, त्यासाठी कोणी टेम्पो सांगत नाही. गरजेचा धोका आपल्याला दिसेनासा होतो, हौसेचा तेवढा डोळ्यांत भरतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. क्लासची वेळ बदलता येईल का, असं विचारून आले आहे.

माझ्या डोक्यात आणखी एक भीती होती, ती मी तिला सांगितली नाही, आणि तिने ती न सांगता ओळखली. दोघीच बायका, अनोळखी घर, रात्र. म्हणून मुक्कामाच्या दोन्ही घरी मी फोनवर घरातल्या बाईशीच बोलले. तिकोना पेठेतल्या ताई शेवटी मलाच विचारत होत्या, ‘सायकलवर येणार? दोघीच? घरचे काय म्हणतात?’ आणि मग, ‘या बाई, मलाबी बगायचंय.’

मुलीने बजेटच्या कागदावर एक ओळ वाढवली आहे: ‘वाट’. पुढे रकमेची जागा मोकळी. मी म्हटलं, बेरजेत कसं धरू हे? ती म्हणाली, आल्यावर बघू.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. या वर्षी पाऊस लांबलाय, खाचरात अजून पाणी आहे. भात तोवर कापून होतंय का, एवढं ताईंना फोन करून विचारायचं राहिलंय.