परवाना आणि पाहुणचार

नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले आपले तरुण हल्ली एक प्रश्न विचारतात. "मी मद्याला स्पर्शही करीत नाही, परंतु माझे सहकारी व भागीदार मुस्लिमेतर आहेत. त्यांना मेजवानी द्यायची, तर मद्य ठेवावे लागते. रीतसर परवाना काढला, अल्पवयीनांना दूर ठेवले, पाहुण्यांना घरी पोहोचविण्यासाठी चालकासह गाड्या ठेवल्या, तर त्यात दोष कोणता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य बाळगता वा पाजता येत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे गुन्हा आहे. हे नियम जीव वाचवितात, आणि जीवरक्षण हा शरीअतचाही एक मूलभूत उद्देश आहे. नियम पाळणारा यजमान बेफिकीर यजमानापेक्षा निश्चितच बरा. तथापि परवाना म्हणजे आज्ञा नव्हे. शासन शिक्षा करणार नाही, एवढेच तो सांगतो. आपण काय द्यावे, हे तो सांगत नाही.

'यातून स्नेह जुळतो, व्यवहार वाढतो' असेही म्हटले जाते. कुरआनने हा मुद्दा नाकारलेला नाही. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत मद्यात लोकांसाठी काही लाभ असल्याचे मान्य करूनच, त्याचे पाप लाभाहून मोठे ठरविले आहे. पुढे सूरह अल-माइदात त्यापासून दूर राहण्याचा स्पष्ट आदेश आला. म्हणजे ज्या लाभाचा आपण हवाला देतो, तो आधीच तराजूत घातला गेला आहे.

'मी स्वतः पीत नाही' हे उत्तरही अपुरे पडते. तिर्मिजीतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मद्याच्या संदर्भात दहा जणांचा धिक्कार केला. त्यांत पिणारा एकच आहे. पाजणारा, वाहून आणणारा, विकत घेणारा हे त्याच यादीत आहेत. मद्य न पिणारा यजमान यांपैकी किती भूमिका एका संध्याकाळी पार पाडतो, हे त्याने मोजून पाहावे.

मद्यबंदीची पहिली कसोटीदेखील एका यजमानाच्या घरीच लागली. सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांचे कथन आहे. हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी मंडळी जमली होती आणि अनस पेले भरून देत होते. इतक्यात बंदीची घोषणा कानी आली. अबू तल्हांनी ते ओतून टाकण्यास सांगितले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहू लागले. हातातला पेला तेवढा संपवू, असे कोणी म्हटले नाही. पाहुण्यांच्या देखत पेले रिते झाले, तरी त्या घराची प्रतिष्ठा उणावली नाही.

यावर कोणी म्हणेल, 'ते पाहुणे मुसलमान होते. आमच्या पाहुण्यांवर हे बंधन नाही.' खरे आहे. त्यांनी आपल्या घरी काय प्यावे, हे ठरविणारे आपण कोण? परंतु दुसऱ्याला त्याच्या मार्गाने जाऊ देणे वेगळे आणि ती वस्तू आपल्या पैशाने आणून त्याच्यासमोर ठेवणे वेगळे. पापाच्या कामात परस्परांस साहाय्य करू नका, हा आदेश (५:२) दुसऱ्या कृतीविषयी आहे. आपल्याच महाराष्ट्रात माळकरी यजमान मद्य ठेवीत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी रुसत नाही. मग आपणच इतके संकोचून का जावे?

निमंत्रण देतानाच हे सौम्यपणे, उपदेश न करता सांगावे. जेवण मात्र सढळ हाताने वाढावे. पाहुण्याचा सन्मान हा ईमानचा भाग आहे. एखादा पाहुणा पिऊन आलाच, तर त्याचा अपमान न करता त्याला सुखरूप घरी पोहोचवावे. ते पापातले साहाय्य नसून जीवाचे रक्षण आहे.

आणखी एक कटू गोष्ट. आपल्या काही लग्नांत मंडपात सरबत असते आणि मंडपामागे उभ्या मोटारींत बाटल्या असतात. यजमानाला ते ठाऊक असते, तरी तो तिकडे पाहत नाही. परवाना काढणारा निदान प्रश्न तरी विचारतो. हा तर तोही टाळतो. त्याची मुले मात्र सर्व पाहत असतात. घरात जे मनाई आहे ते आडोशाला चालते, हा धडा ती कुणी न शिकविता शिकतात.

नकारामुळे एखादा व्यवहार हुकेलही. ते नुकसान खरे असेल. पण रोजी देणारा अल्लाह आहे, ही आपली श्रद्धा अशाच प्रसंगी पारखली जाते. अल्लाह आपले दस्तरखान पवित्र राखो आणि आपल्या पाहुणचारात बरकत देवो. आमीन.