वात वळावी तशी

लग्नसराईत बीड-परळी रस्त्याने डीजे लावून वरात निघाली की वडवणीतल्या आमच्या घराच्या काचा थरथरतात. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा नियम 2000 सालापासून आहे. काचा तरी थरथरतातच. आणि यंदा लेकीची बारावी.

आधी कापसाचे बोळे घातले. कापसाच्या मुलखात दुसरं काय सुचणार? पण कापसातून आवाज आरपार येतो. मग मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणले. अर्ध्या तासात तिने काढून ठेवले. कान ठणकत होते. "मम्मी, माझेच कान बारके आहेत गं," म्हणाली. तिचाच काही गुन्हा असल्यासारखी. ते मला फार लागलं. बांगड्या भरताना कासार आधी हात दाबून बघतो, मग माप काढतो. हात लहान म्हणून कुणाला बोल लावत नाही. कानाच्या नळीचं माप मात्र कुणी विचारतच नाही.

लहान मापाचे प्लग मिळतात, मागवावे लागले इतकंच. फोम बोटाला लुसलुशीत लागावा, टोक निमुळतं असावं. पाकिटावरच्या डेसिबलच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. प्लग नीट आत बसला तरच तो आकडा खरा. अर्धा बाहेर राहिला तर काही उपयोग नाही.

तरी पहिल्या दिवशी जमेना. ती प्लग चिमटीत दाबून चपटा करायची, त्याला घडी पडायची आणि घडीतून आवाज शिरायचा. सासूबाई बघत होत्या. "आण इकडं," म्हणाल्या. चातुर्मासात लाखभर वाती वळलेली ती बोटं. अंगठा आणि तर्जनीत प्लग हलके हलके फिरवला. कुठे सुरकुती नाही, सरळ बारीक वात. लेकीने डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि मागे ओढला, वात आत सरकवली आणि फोम फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटाने धरून ठेवली. काढताना झटका द्यायचा नाही, हळू फिरवत काढायचं. कान वाहत असेल तर घालायचेच नाहीत.

काल पुन्हा वरात गेली. काचा वाजल्या. आजीने जेवायला दोनदा हाक मारली, मग जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.