आधी झाकण उघड, मग बोल

उभा राहा. बॅग खाली ठेव आणि सरळ उभा राहा. बाकीच्यांनी फोन खिशात घाला. बोलणार याला आहे, पण ऐकायचं सगळ्यांनी.

लॅबच्या दाराशी ई-कचऱ्याचं खोकं ठेवलंय ते जळालेले ॲडॉप्टर, फुटके माउस, तुटक्या वायरी यांच्यासाठी. काल संध्याकाळी ते रिकामं करायला घेतलं, तर सगळ्यात वर हा आयपॉड. पाचव्या पिढीचा, 30 जीबीचा. मागच्या पत्र्यावर चरे आहेत, पण पडद्याला एक तडा नाही. त्याला चिकटवलेली चिठ्ठी: डेड. खाली तुझं नाव, रोल नंबरासकट. नंबर लिहायला बरा विसरला नाहीस! सहभागाचं प्रमाणपत्र मिळणार ना.

आणि आत्ता मला काय सांगितलंस? "मॅडम, नुसतं फोल्डरचं चित्र येतं." स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येतं का रे तुला? चित्र येतं! मेलेलं यंत्र उठून स्वतःच्या मरणाची पाटी लावतं का कधी? ते चित्र दिसलं याचा अर्थ बॅटरीने वीज दिली, प्रोसेसर जागा झाला, आतल्या चिपमधला कोड चालला, त्याने डिस्क धुंडाळली, तिथे त्याला सिस्टीम मिळाली नाही, आणि ही तक्रार त्याने उद्गारचिन्ह घालून पडद्यावर मांडली. तुझ्या जर्नलपेक्षा जास्त काम केलंय त्याने. दोष कुठे शोधायचा तेसुद्धा दाखवून दिलंय. आणि दोष शोधण्याचा पेपर गेल्याच सत्रात देऊन आलेल्या माणसाने काय केलं, तर चिठ्ठी लावली.

मागे हसतंय कोण? तुम्हीही तेच केलं असतंत.

मेनू आणि मधलं बटण एकदम दाबून धरलं की तो रीसेट होतो. लोगो आला की मधलं आणि प्लेचं धरायचं, डिस्क मोड येतो. प्लेऐवजी गाणं मागे नेण्याचं बटण धरलं तर तपासणीचा मेनू येतो. कंपनीच्याच माणसांसाठी ठेवलेला आहे, पण दार उघडंच आहे. मी काल टेबलावर बसून हे सगळं केलं. डिस्क टकटक करते. ती साधी 1.8 इंची फिरती डिस्क आहे. तुम्ही शाळेतही जात नव्हता तेव्हा बनलेली, खिशात, बसमध्ये, जिन्यावर आपटत फिरलेली. ती गेली यात नवल नाही. पण गेली ती डिस्क. बोर्ड ठणठणीत, पडदा ठणठणीत, चक्र बोटाला अजून नीट दाद देतं, आणि हेडफोनला आवाज देणारी वुल्फसनची चिप जागच्या जागी आहे. एक भाग बिघडला म्हणून अख्खं यंत्र टाकून देणाऱ्याला दुकानातला विक्रेता म्हणतात, तंत्रज्ञ नाही. तुला विक्रेता व्हायचं असेल तर सांग, डिप्लोम्याचे पैसे तरी वाचतील घरचे.

म्हणे, "तसाही उपयोग नव्हता मॅडम, चालू होता तेव्हाही गाणी जात नव्हती." हे आणखी छान. कशी टाकत होतास गाणी? पेनड्राइव्हसारखी ओढून. मग गाणी दिसेनात, म्हणून राग आला. अरे, या आयपॉडचं मूळ सॉफ्टवेअर फोल्डर बघतच नाही. आयट्यून्समधून गाणं चढवलं की फाइल एका लपवलेल्या फोल्डरात, चार अक्षरांचं भलतंच नाव घेऊन पडते, आणि तिची नोंद वेगळ्या डेटाबेसमध्ये होते. आयपॉड वाचतो ती नोंद. हजेरीपटावर नाव नसेल तर समोरच्या बाकावर बसलेला मुलगाही त्याला दिसत नाही. तुझी गाणी डिस्कवर होती, फक्त पटावर नव्हती. आणि तुझ्या लॅपटॉपवर उबंटू, त्यावर आयट्यून्स कधी आलंच नाही. हे कारण पाच मिनिटांत कळलं असतं. तू पाच मिनिटं दिली नाहीस.

त्यात आजोबांच्या कॅसेटी. गेल्या वर्षी माझ्याच लॅबमध्ये बसून तू त्या फ्लॅकमध्ये उतरवून घेतल्यास. काम चांगलं केलं होतंस, तेव्हाही म्हणाले होते. तीन-तीन तासांची कीर्तनं, नाट्यसंगीताच्या मैफली. त्या फाइली आयपॉडने घेतल्या नाहीत, कारण कंपनीच्या सॉफ्टवेअरला फ्लॅक येत नाही. मग तू काय केलंस? आयपॉड खोक्यात, आणि आई आता फोनवर ऐकते. दोन पदांच्या मध्ये जाहिरात, वरून सुनेचे फोन, रेंज गेली की शांतता. आईचा आयपॉड होता ना हा? तिला विचारलंस का टाकताना?

नाही विचारलंस. तोंडावरच दिसतंय.

आता नीट ऐक, कारण यापुढचं परीक्षेत येणार नाही आणि म्हणूनच तुम्ही कोणी वाचलेलं नाही. 2001 साली स्वीडनमध्ये काही प्रोग्रामर मंडळींकडे आर्कोस ज्यूकबॉक्स नावाचा प्लेअर होता. यंत्र बरं, पण आतलं सॉफ्टवेअर त्यांना पसंत नव्हतं. कंपनी सोर्स कोड देणार नव्हती. ब्योर्न स्टेनबर्ग, लिनस निल्सन फेल्टझिंग आणि डॅनियल स्टेनबर्ग ही त्यांतली नावं. यातला डॅनियल म्हणजे तुम्ही टर्मिनलमध्ये रोज जे कर्ल वापरता ना, ते लिहिणारा. या लोकांनी यंत्र आतून समजून घेतलं आणि स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. प्रोसेसर 12 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, मेमरी 2 एमबी. एमपी3 उलगडायची ताकदसुद्धा त्या प्रोसेसरात नव्हती, त्यासाठी वेगळी चिप होती. तरी त्यांनी मेनू लिहिले, प्लेलिस्ट लिहिल्या, खेळ लिहिले. त्याचं नाव रॉकबॉक्स. कोड जीपीएलखाली, म्हणजे कोणीही वाचावा, बदलावा, आणि बदललेलं वाटलं तर त्याचा कोडही सोबत द्यावा. पुढे ते आयरिव्हरवर गेलं, आयपॉडवर गेलं, सॅनडिस्कच्या प्लेअरांवर गेलं. 8 जीबी मेमरीचा लॅपटॉप "हँग होतो" म्हणून माझ्याकडे रडत येणाऱ्यांनी ते 2 एमबी जरा डोक्यात ठेवा.

ॲपलने पहिला आयपॉड आणला तोही 2001 मध्येच, ऑक्टोबरात. मे 2022 मध्ये आयपॉड टच बंद होतोय असं जाहीर केलं आणि आयपॉडचा खेळ संपला. रॉकबॉक्सची 4.0 आवृत्ती आली एप्रिल 2025 मध्ये. ज्यांनी यंत्र विकलं ते निघून गेले. ज्यांना त्याचा एक पैसा मिळाला नाही ते अजून त्यातल्या चुका दुरुस्त करतायत. तू कोणाच्या बाजूला उभा राहिलास ते चिठ्ठीवर लिहिलेलंच आहे. हां, त्यांनीही सगळंच कायम सांभाळलेलं नाही. तो मूळचा आर्कोस पुढे त्यांनीच यादीतून काढला. पण जुना कोड कुलपात घातला नाही, ज्याला हवा तो आजही काढून बघू शकतो.

या आयपॉडवर रॉकबॉक्स घातलं की काय होईल? फोल्डर सरळ दिसतील. कॉपी केलं की झालं, मग लॅपटॉपवर विंडोज असो की तुझं उबंटू. फ्लॅक वाजेल, ऑग व्हॉर्बिस वाजेल, ओपस वाजेल. कीर्तन अर्ध्यावर थांबवलं तर तिथे खूण ठेवता येईल आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे ऐकता येईल. मैफलीचे तुकडे केले असतील तर एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये खड्डा पडणार नाही. एका कॅसेटचा आवाज लहान, दुसरीचा कानठळ्या बसवणारा, ही तुझी तक्रार होती ना? रिप्लेगेन त्याच्यासाठीच आहे. आणि एक गोष्ट, जी ऐकून मला स्वतःला या लोकांबद्दल आदर वाटला: रॉकबॉक्स बोलतं. मेनू आवाजात ऐकू येतो, फाइलींची नावं ऐकू येतात. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात हा चकचकीत आयपॉड मूळ सॉफ्टवेअरसकट दिला तर मेनूत तो हरवून जाईल. बाहेरच्या माणसांनी फुकट लिहिलेल्या सॉफ्टवेअरने त्याला तो वापरता येतो.

आता हुरळून जाऊ नकोस. तुमच्या वर्गाची ती दुसरी सवय, आधी डेड आणि मग एकदम जादू. पूर्वी आयट्यून्सवरून विकत घेतलेली, कुलूप घातलेली गाणी रॉकबॉक्समध्ये वाजणार नाहीत. व्हिडिओ बघायचा तर एमपेगच्या जुन्या प्रकारात बदलून घ्यावा लागेल, तेव्हा तो नाद सोड. ब्लूटूथ येणार नाही, कारण तो रेडिओच आत नाही. दिसायला ते पहिल्यांदा ओबडधोबड दिसेल, थीम बदलता येते, पण त्यात आठवडा घालवू नकोस. मूळ सॉफ्टवेअर पुसलं जात नाही. सुरू होताना होल्डचं बटण सरकवलं की जुनंच सुरू होतं, म्हणजे आईला जुनं आवडत असेल तर तेही राहील.

काम आधी लोखंडाचं आहे. झाकण उघडताना स्क्रू ड्रायव्हर खुपसलास तर पत्रा वाकेल आणि परत बसणार नाही. प्लॅस्टिकची पातळ पट्टी घ्यायची, गिटारची पिक चालते, आणि कडेने हळूहळू खटके सोडवायचे. झाकण सुटलं की ओढायचं नाही! दोन बारीक रिबन त्याला जोडलेल्या असतात, एक बॅटरीची आणि एक हेडफोनच्या खाचेची. होल्डचं बटणही त्याच दुसऱ्या रिबनवर आहे. एक झटका दिलास की आवाज गेला, मग खरंच चिठ्ठी लावायची वेळ येईल. बॅटरी फुगलेली दिसली तर हात काढून घे आणि मला हाक मार. फुगलेल्या लिथियमच्या बॅटरीला टोचणं, वाकवणं, दाबून बसवणं यातलं काहीही माझ्या लॅबमध्ये झालेलं मला चालणार नाही. मागे एकाने केलं होतं, ते टेबल अजून काळं आहे.

डिस्कच्या जागी ॲडॉप्टर लावून एसडी कार्ड बसवायचं. फिरणारं काही उरत नाही, म्हणून आपटण्याची भीती कमी आणि बॅटरीला आराम. कार्ड तपकीर गल्लीत मिळेल, पण बिल घे, खोटी कार्डं ढिगाने विकली जातात, आणि आणल्यावर पूर्ण भरून तपासल्याशिवाय आत घालायचं नाही. नवीन कार्डावर आयपॉडची स्वतःची सिस्टीम नसते, त्यामुळे एवढ्या एका कामासाठी कंपनीचे पाय धरावे लागतात. कोपऱ्यातल्या विंडोजच्या पीसीवर आयट्यून्सने एकदा रीस्टोअर करून घे. मॅकवर करू नकोस, तिथे फॉरमॅट वेगळा होतो आणि रॉकबॉक्सला फॅट32 लागतं. मग रॉकबॉक्स युटिलिटी चालव. ती यंत्र ओळखते आणि बूटलोडरही तीच बसवते. ते आपोआप होतं म्हणून खुशीत येऊ नकोस. बूटलोडर नेमका कुठे जाऊन बसला आणि सुरू होताना काय क्रमाने घडलं, ते मी तोंडी विचारणार आहे.

"मॅडम, पण एवढं करून एक जुना आयपॉडच ना?" कोण बोललं? तू. ठीक आहे, बोललास ते बरं झालं. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला गोळा होऊन नीट पुनर्वापरात गेल्याची नोंद 22.3 टक्क्यांची. बाकीचा कुठे गेला ते बघायला लांब जायला नको, कुठल्याही भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात वायर जाळल्याचा वास येतो तिथे जा. 2003 साली अमेरिकेत नायस्टॅट नावाच्या दोन भावांनी आयपॉडवरच छोटी फिल्म केली होती, बॅटरी बदलून मिळत नाही म्हणून. रस्त्यावरच्या जाहिरातींवर त्यांनी स्टेन्सिलने इशारा छापला. त्यांना निदान राग तरी आला! तुला आला का? नाही. तू मुकाट खोकं शोधलंस, प्रमाणपत्र विचारलंस, आणि नव्या फोनचे हप्ते कसे बसतात ते बघायला बसलास. अपेक्षा कुणाकडून करायची? तुमच्या हातात सोल्डरिंग गन दिली ती दुकानात जाण्यासाठी नव्हे.

सोमवारी दुपारी प्रॅक्टिकलनंतर थांबायचं. पिक, कार्ड आणि ॲडॉप्टर तू आणायचा, पैसे नसतील तर सांग, लाजू नकोस, पुढे कापून घेईन. फ्लॅकच्या फाइली पेनड्राइव्हवर, कोणत्या हव्यात ते आईला विचारून. ही चिठ्ठी घे. खोड. त्याखाली लिही: डिस्क खराब, बाकी तपासून पाहणे बाकी. सही कर, तारीख घाल. दुरुस्ती जमली नाही तरी चालेल, कुठे अडलं ते लिहून आणलंस की मला पुरे.

बस खाली. आता त्या खोक्यातल्या प्रिंटरवर ज्याचं नाव आहे, त्याने उभं राहायचं.