ज्यांचे पेन्शन, त्यांचे मत

महापालिकेचा कर्मचारी तीस-पस्तीस वर्षे काम करतो आणि त्या कामाच्या मोबदल्याचा एक हिस्सा त्याला साठीनंतर मिळतो. मधल्या काळात निधीत किती भरणा झाला, पैसा कुठे गुंतवला, तूट कोणाच्या माथी मारली, हे ठरवणाऱ्या मंडळावर निवृत्तांचा निवडून आलेला प्रतिनिधी असावा का? माझ्या मते असलाच पाहिजे, आणि त्याच्या मताला वजनही असले पाहिजे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात 1996 साली प्रशासनाने निवृत्ती मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला. विमागणितज्ञांच्या हिशेबापेक्षा महापालिका निधीत कमी रक्कम भरणार आणि त्याच्या बदल्यात कर्मचाऱ्यांचे निवृत्तीलाभ वाढणार. 2002 साली शेअर बाजार घसरून निधीला गळती लागली असताना असाच दुसरा करार झाला. प्रशासनाची त्या वर्षाची चणचण मिटली, संघटनांना वाढ मिळाली आणि देणे पुढच्या पिढीवर गेले. मंडळातले बहुसंख्य सदस्य स्वतःच या योजनेचे लाभार्थी होते. डायान शिपिओनी या विश्वस्त बाईंनी जाहीर विरोध केला, पण त्या एकट्या पडल्या. पुढे तूट एक अब्ज डॉलरवर गेली. पेन्शनच्या दायित्वाची खरी स्थिती रोखे घेणाऱ्यांपासून दडवल्याचा ठपका 2006 साली अमेरिकेच्या रोखे नियामकाने शहरावर ठेवला. त्याआधीच, 2004 साली, मतदारांनी मंडळाची रचना बदलली होती. 13 पैकी 7 जागा बाहेरच्या स्वतंत्र जाणकारांना मिळाल्या, उरलेल्यांपैकी एक निवृत्तांची ठरली.

या रचनेमागचा विचार मला पटतो. नोकरीतला माणूस आजच्या वाढीसाठी उद्याच्या भरण्यावर तडजोड करू शकतो, कारण त्याच्या हाती संप आहे, वाटाघाटी आहेत. निवृत्ताच्या हाती यातले काही उरत नाही. निधी बुडाला तर पुन्हा नोकरी धरण्याचे त्याचे वयही नसते. म्हणून निधीच्या तब्येतीची सर्वांत खरी काळजी त्यालाच असते. त्यालाही स्वार्थ आहे, हे मान्य. महागाईवाढ आज हवी, तिचा भार तरुणांनी उचलावा, असा मोह त्यालाही होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच्या शेजारी स्वतंत्र जाणकार आणि तरुण कर्मचारी बसवणे. त्याला दाराबाहेर ठेवल्याने तो मोह जात नाही, फक्त त्याचे प्रश्न ऐकू येत नाहीत.

हे प्रश्न वेळेवर ऐकले नाहीत तर काय होते, ते डेट्रॉइटमध्ये दिसले. जुलै 2013 मध्ये या शहराने दिवाळखोरी जाहीर केली. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत निवृत्तांची अधिकृत समिती नेमली गेली आणि 2014 साली त्यांच्याकडून मतदानही घेतले गेले. पण तोवर प्रश्न कपात किती सोसायची एवढाच उरला होता. सर्वसाधारण कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमधून 4.5 टक्के गेले आणि वार्षिक महागाईवाढ थांबली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी निःसंदिग्धपणे सांगितले की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळालेला तो हक्क आहे. हक्काचा मालक मात्र कारभारात कुठेच नाही. महापालिकांचे कंत्राटी कामगार ज्या भविष्यनिर्वाह निधीच्या छत्राखाली येतात, त्याच्या केंद्रीय विश्वस्त मंडळात सरकारांचे प्रतिनिधी आहेत, मालकांचे दहा आणि कामगारांचे दहा आहेत. निवृत्तांसाठी वेगळी राखीव जागा कायद्यात नाही. याच निधीच्या पेन्शन योजनेतले किमान पेन्शन 2014 साली महिना 1,000 रुपये ठरले. त्यावर जगणाऱ्या माणसाला मंडळात बोलण्याचा अधिकार नसावा, हे मला अन्यायाचे वाटते.

नुसती खुर्ची दिल्याने भागणार नाही. प्रतिनिधी निवृत्तांनी मतदानाने निवडलेला हवा. बैठकीची कागदपत्रे त्याला आधी मिळायला हवीत, त्याच्या प्रश्नाला लेखी उत्तर हवे आणि दरवर्षीचा विमागणिती अहवाल साध्या मराठीत प्रत्येक पेन्शनरच्या हाती पडायला हवा. वाचकांपैकी जे निवृत्त आहेत त्यांनी आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत महागाई भत्त्याच्या मागणीबरोबर ही मागणीही ठरावात घालावी. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी त्या ठरावाला पाठिंबा द्यावा, कारण उद्या तेही त्याच रांगेत असतील.